भिंतीपलीकडचे फॅन

मी पेणच्या त्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा सर्व्हर रूमचं दार सताड उघडं होतं आणि रॅकवर कुणीतरी वॉर्डातलं लाल ब्लँकेट पांघरून ठेवलं होतं. आत फॅन असे किंचाळत होते की मी दारातच थबकले.

“हे कुणी केलं?” मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

“मीच,” मागून उत्तर आलं. “म्हटलं आवाज दबेल. हे तर जास्तच भडकलंय.”

ती मुग्धा, हॉस्पिटलची ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कुणाला किती ऐकू येतं ते तपासणारी. वयाने लहान, अंगाने बारीक, आणि त्या दिवशी चांगलीच वैतागलेली.

मी ब्लँकेट ओढून काढलं. थोड्या वेळाने फॅनचा सूर जरा खाली आला.

या फॅनचं गणित साधं असतं. रॅक म्हणजे नेटवर्कची मशीनं बसवायचं लोखंडी कपाट. त्यातलं मुख्य मशीन म्हणजे स्विच. दिव्याचं बटण नव्हे. हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर, कॅमेरे, आयसीयूतले मॉनिटर यांच्या वायरी ज्यात येऊन एकमेकींना जोडल्या जातात तो पसरट डबा. तो तापतो. त्याला थंड ठेवायला पाठीमागे क्रीमच्या बिस्किटाएवढे फॅन असतात. फॅन लहान असला की पुरेशी हवा ढकलायला त्याला प्रचंड वेगाने फिरावं लागतं. म्हणून घरातल्या पंख्यासारखी घरघर न येता टोकदार शिट्टी येते. मशीन जास्त तापलं की फॅन आणखी जोरात. त्यावर ब्लँकेट घातलं तर काय होणार?

मी रोह्याची. तिथल्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बरीच वर्षं आयटीत होते, नंतर स्वतःचं काम सुरू केलं. रोहा, कोलाड, पेण या पट्ट्यातली छोटी हॉस्पिटलं, शाळा, ऑफिसं यांच्या नेटवर्कची देखभाल करते. कंपनीतल्या सर्व्हर रूममध्ये आम्ही एकमेकांशी खुणांनीच बोलायचो आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. त्यामुळे मुग्धाची तक्रार फोनवर आली तेव्हा मी ती फार मनावर घेतली नव्हती. फॅन आहे, आवाज येणारच.

“माझ्या खोलीत या,” मुग्धा म्हणाली.

तिची खोली सर्व्हर रूमला लागूनच. मध्ये भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. पूर्वी ही एकच मोठी खोली होती. कॅमेरे वाढले, मोठा स्विच आला, तेव्हा माझ्या आधीच्या माणसाने खोलीचे दोन भाग करून एकात रॅक ठेवला. दुसरा भाग रिकामा दिसला म्हणून पुढे कानाच्या तपासणीला दिला गेला. दार लावल्यावरही ती शिट्टी आत स्पष्ट येत होती. मुग्धाने हातातलं आवाज मोजायचं मीटर माझ्यापुढे धरलं.

“काल एक मुलगी आली होती. तीन वर्षांची. एकही शब्द बोलत नाही. मी दोन बाजूंच्या स्पीकरमधून आवाज देते, मूल वळून बघतं का ते पाहायचं. मोठ्या आवाजाला ही कधी वळते, कधी नाही. बारीक आवाज तर तुमच्या फॅनमध्ये बुडूनच जातात. तिला ऐकू येत नाही की या खोलीत ऐकू येत नाही, हे मी सांगू शकत नाही. मग रिपोर्टवर सही कशी करू?”

“मुंबईला पाठवता येणार नाही?”

“पाठवायचंच आहे. पण इथला रिपोर्ट नीट असला तर पुढचं लवकर होतं. आणि बोलणं शिकायची वर्षं हीच आहेत. जेवढा उशीर होईल तेवढं अवघड.”

ती मुलगी आणि तिचे आईबाप बाहेर बाकावरच बसले होते. मुग्धाने त्यांना पुन्हा बोलावून ठेवलं होतं. बाप, महेश, खाडीकडच्या गावातला. मिठागरात काम करायचा आणि मिठाचा हंगाम संपला की पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती उचलायला जायचा. उन्हाने रापलेला, खांदे रुंद. आई सुरेखा बाकाच्या टोकाला पदर आवळून बसलेली. मुलीचं नाव तनू. ती महेशच्या चपलेचा पट्टा काढण्यात आणि लावण्यात गुंग होती.

मला बघून महेश उठला. “ताई, तुम्हीच का त्या मशीनवाल्या?”

“हो.”

“केवढा आवाज हाय हो! काल मला मॅडमचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं, मग पोरीला काय येणार? व्हय की नाय?”

“आवाज आहे खरा,” मी म्हटलं.

तो बायकोकडे वळला. “बघ गो. मी सांगत होतो का नाय? पोरगी चांगली हाय. मशीनच वरडतंय.”

 सुरेखाने तनूच्या हातातली चप्पल काढून खाली ठेवली.

त्या दिवशी मी सोपे उपाय करून पाहिले. स्विच नीट पुसला. आत धूळ आणि ओल यांचा एक राखाडी थर बसला होता, खाडीच्या हवेला तो बसतोच. खोलीचा एसी कुणीतरी बंद करून ठेवला होता, कारण त्याचं पाणी खाली औषधांच्या खोक्यांवर गळायचं. त्याची पाण्याची नळी साफ करवली आणि एसी सुरू केला. खोली थंड झाली तसे फॅन मंदावले. मला बरं वाटलं. मुग्धाने मीटर धरलं आणि मान हलवली. शिट्टी कमी झाली होती, पण आता एसीची घरघर तिच्या जोडीला होती.

पुढच्या खेपेला मी कमी आवाजाचे फॅन घेऊन गेले. बाजारात मिळतात. पण या स्विचला ते पटेनात. हे फॅन हळू फिरतात, आणि स्विचला वाटतं फॅन बंदच पडला. मग तो लाल दिवा लावतो आणि उरलेले फॅन पूर्ण वेगाने सोडतो. म्हणजे गप्प बसवायला गेलं की दुप्पट ओरडतो. मी मूळचे फॅन परत बसवले.

आता एकच मार्ग होता. रॅकच तिथून हलवायचा. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर कदम साहेबांकडे गेले.

“अहो मॅडम,” ते म्हणाले, “एका खोलीसाठी सगळं हॉस्पिटल बंद ठेवू? आयसीयूचे मॉनिटर त्याच्यावर आहेत. लॅब आहे, फार्मसी आहे.”

“बंद नाही ठेवायचं. आयसीयूचं कनेक्शन आधी एका छोट्या स्विचवर घेते. ते चालू राहिल्याची खात्री झाली की मगच मोठा हलवते. लॅब आणि फार्मसीला रविवारी सकाळी थोडा वेळ थांबावं लागेल.”

“त्यापेक्षा कानाची खोलीच दुसरीकडे नेऊ.”

“कुठे?”

हॉस्पिटलात तेवढी शांत दुसरी खोली नव्हती. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला जनरेटर. मुग्धा दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “सर, त्या खोलीतल्या एकाही रिपोर्टवर मी यापुढे सही करणार नाही. लहान मुलांच्या तर नाहीच.”

कदम साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, “रविवारी माणसं किती लागतील? माझ्याकडे एकच वॉर्डबॉय असतो.”

माणसांचा प्रश्न परस्पर सुटला. रविवारी मी रोह्याहून सकाळच्या गाडीने आले तर महेश हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेला. मुग्धाकडून त्याला कळलं होतं. सुरेखा आणि तनूही बरोबर.

“ताई, सांगा काय उचलायचं,” तो म्हणाला. “आज दुसरं काम नाय धरलं.”

मी नको म्हणायला हवं होतं असं त्या क्षणी वाटलं नाही. मला माणूस हवाच होता.

वरच्या मजल्यावर लिफ्टशेजारी एक जुनी स्टोअर रूम होती. चारी बाजूंनी विटांच्या भिंती. रॅक तिथे न्यायचा, खालच्या वायरींसाठी जुन्या जागी भिंतीवर एक बिनफॅनचा छोटा स्विच ठेवायचा आणि दोन्ही एका केबलने जोडायचे, असा बेत होता. बिनफॅनचा स्विच आपल्या लोखंडी अंगावाटेच गरमी बाहेर टाकतो. ताकद कमी, पण तोंडातून ब्र काढत नाही आणि त्याला एसीही लागत नाही. केबल मी आधीच ओढून ठेवली होती. वीज गेली तरी मशीनं चालू ठेवणारा यूपीएसही वरच न्यायचा होता, कारण त्याचाही फॅन होता.

यूपीएसच्या बॅटऱ्या जड. लिफ्ट त्या दिवशी पेशंटसाठी राखलेली. महेशने एकेक बॅटरी खांद्यावर घेतली आणि जिन्याने चढवली. मोठा स्विच मी त्याच्या हातात देताना म्हटलं, “सांभाळून हं, आपटला तर संपलं.”

“ताई, मी गणपती उचलतो,” तो हसला. “बोट नाय तुटू दिलं कधी.”

त्याने तो डबा खरंच मूर्तीसारखा नेला. पोटाशी धरून, पायरी चाचपत. वाटेत वॉर्डबॉयला सांगत होता, “पोरीची तपासणी हाय बुधवारी. हे मशीन हललं का सगळं सुरळीत.” वरून रिकाम्या हाताने येताना तो शीळ घालत होता.

बॅटऱ्या एकेक करून वर जात होत्या तेव्हा मी खाली वायरींवर लेबलं लावत बसले होते. सुरेखा चहा घेऊन आली. कँटीनवाल्याने पाठवला होता. तनू माझ्या टूलकिटमधल्या स्क्रूच्या डब्या हलवून बघत होती. सुरेखा माझ्याजवळ जमिनीवर बसली.

“ताई, एक बोलू?”

“बोल ना.”

“घरी मी हिच्या पाठीमागं जाऊन ताट आपटून बघितलंय. लय वेळा. तिला माझी सावली दिसणार नाय असं. नाय बघत ती.”

मी हातातलं लेबल खाली ठेवलं.

“महेशला सांगितलंस?”

तिने मान हलवली. “कसं सांगू? सगळ्या गावाला सांगत फिरतायत, आमची उशिरा बोलणार म्हणून. त्यांचे आजोबापण उशिरा बोलले म्हणतात.” जिन्यावर महेशची शीळ ऐकू आली तशी ती उठली आणि कप गोळा करू लागली.

मी आयसीयूत पुन्हा एकदा फोन करून मॉनिटर व्यवस्थित चालू आहेत का विचारलं. चालू होते. मग मोठा स्विच वर सुरू केला. एकेक हिरवा दिवा लागत गेला. काम बिनचूक झालं होतं. एरवी अशा वेळी मला फार बरं वाटतं. महेश माझ्या शेजारी कमरेवर हात ठेवून, घामाने निथळत, त्या दिव्यांकडे बघत उभा होता.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

तो धावतच खाली गेला. मी पोचले तर मुग्धाच्या बंद खोलीत भिंतीला कान लावून उभा. “काय पण ऐकू येत नाय ताई! काय पण नाय!”

बुधवारी मी मुद्दाम गेले. छोट्या स्विचमधून काही गुणगुण येते का ते तपासायचं असं मी स्वतःला सांगितलं होतं. मुग्धाने मीटर धरलं. आकडा तिला हवा होता तिथे आला. ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच मोकळं हसली. आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. महेशने कुणी न सांगता स्टुलावर चढून ते घड्याळ काढलं आणि बाहेर नेऊन बाकावर ठेवलं.

“आज तनूला आई घेईल,” मुग्धा म्हणाली.

“मी घेतो ना. माझ्याजवळ गप बसते ती.”

“तुम्ही मागे उभे राहा. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी सांगेन तेव्हाच.”

सुरेखा खुर्चीवर बसली. मुग्धाने तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, तिला बाहेरचं काही ऐकू जाऊ नये म्हणून. तनूला समोर रंगीत रिंगा दिल्या, दांडीत ओवायच्या. मी कोपऱ्यात बसले.

पहिला आवाज इतका बारीक होता की मला तो आधी भास वाटला. तनू रिंग ओवत होती. मग जरा मोठा. मग डावीकडून, उजवीकडून. पाखराची किलबिल, गाईचं हंबरणं. मी महेशकडे बघत होते. त्याला प्रत्येक आवाज ऐकू येत होता, आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्याचे डोळे तनूच्या मानेवर जात होते. ती मान वळत नव्हती. शेवटी ढोलाचा आवाज आला. मी खुर्चीत दचकले. तनूने पिवळी रिंग उचलली, निरखून बघितली आणि दांडीत घातली.

मुग्धाने मशीन थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाली, “आता तुम्ही हाक मारा.”

“तनू,” महेश म्हणाला.

खोली शांत होती. मी केलेली शांतता होती ती.

“तनू. ए तनू. बाबा हाय इथं.” त्याचा आवाज चढला. “तनू, बघ ना गो!”

सुरेखाला हेडफोनमुळे काही ऐकू येत नव्हतं. पण तिला मुग्धाचा चेहरा दिसत होता. तिने डोळे मिटून घेतले.

महेश न राहवून एक पाऊल पुढे आला. लगेच तनूने मान वर करून मागे पाहिलं आणि त्याला बघून खुदकन हसली.

“वळली! मॅडम, वळली!”

“तुमची सावली पडली तिच्या रिंगांवर,” मुग्धा म्हणाली. “दादा, मागच्या वेळी ती तुमच्या मांडीवर होती. मोठा आवाज आला की तुम्ही हलत होता. ती तुमच्या हलण्याने वळत होती. मला शंका होती, पण त्या फॅनच्या आवाजात काही नक्की सांगता येत नव्हतं.”

महेशने तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग तो दार उघडून बाहेर गेला.

मी थोड्या वेळाने बाहेर आले. तो रिकाम्या सर्व्हर रूमच्या दारात उभा होता. आत जमिनीवर रॅकच्या पायांचे चार चौकोनी डाग तेवढे राहिले होते.

“मीच उचलून नेलं ना वर,” तो म्हणाला.

मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

“तो आवाज होता तवर बरं होतं, ताई.”

सुरेखा तनूला घेऊन आली. तिचे डोळे कोरडे होते. तिने तनूला त्याच्याकडे दिलं. “धरा हिला. मुंबईचं काय ते मॅडमना विचारून येते.” त्याने मुलीला घेतलं. तनूने नेहमीप्रमाणे त्याच्या कानाची पाळी पकडली. तो भिंतीकडे तोंड करून रडला. त्याचे खांदे हलत होते, आणि तनूला तो खेळ वाटून ती हसत होती.

ताटाची गोष्ट सुरेखाने त्याला पुढे कधी सांगितली का, मला माहीत नाही. मी सांगितली नाही.

मुग्धाने त्याच दिवशी रिपोर्टवर सही केली. मुंबईची तपासणी लवकर झाली. निकाल तोच आला, दोन्ही कानांना. आता तनूच्या कानांमागे मशीनं आहेत. त्यांनी तिला काहीतरी आवाज झाला एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. कानात आतून यंत्र बसवायच्या ऑपरेशनसाठी नाव घातलं आहे. तोवर सुरेखा तिला एसटीने मुग्धाच्या खोलीत घेऊन येते, आरशासमोर बसून ओठांच्या हालचाली शिकायला. त्या बुधवारनंतर महेश एकदाही हॉस्पिटलात आला नाही. सुरेखा म्हणाली, घरी तो अजून तनूला नावाने हाक मारतो, मग आठवण झाली की जमिनीवर पाय आपटतो. त्या हादऱ्याने ती वळते.

मुग्धा मला म्हणाली, तुम्ही रॅक हलवला नसता तर अजून एखादं वर्ष वाया गेलं असतं. ते खरंच आहे. मी ते स्वतःलाही सांगते. पण महेश शीळ घालत बॅटऱ्या न्यायला जिना उतरत होता तेव्हा ताटाची गोष्ट मला कळलेली होती, आणि मी त्याला पुढची बॅटरी देत राहिले. त्या जागी दुसरं काय करता आलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

आमच्या कामात आवाज थांबला म्हणजे तक्रार मिटली असं धरतात. ते कामापुरतं ठीक आहे. आता नवीन जागा बघायला गेले की रॅक कुठे ठेवायचा हे विचारण्याआधी मी भिंतीवर टकटक करते आणि पलीकडे कोण बसतं ते विचारते. लोकांना वाटतं बाई वास्तुशास्त्र बघतायत. वाटू दे. प्लायवूड असेल तर मी तिथे रॅक ठेवत नाही.